‘कल्याण’ शोधलं तर काय सापडतं?

मराठी वर्तमानपत्रांच्या ढिगात कॉम्प्युटरला ‘कल्याण’ शोधायला सांगा. तो इमानदारीत आणून देईल: लोककल्याण, समाजकल्याण, कामगार कल्याण निधी, रामदासांचे शिष्य कल्याणस्वामी, यमनकल्याण, आणि ‘सर्वांचे कल्याण होवो’ असा शेवट असलेली वाचकांची पत्रं. खाडीकाठचं आपलं गाव त्या गर्दीत कुठेतरी अंग चोरून उभं असेल. बरं, मग ‘ठाणे’ शोधा. राज्यातली झाडून सगळी पोलीस ठाणी हजर! डोंबिवलीकरांनी लगेच हसू नये. तुमच्या गावाला दुसरा अर्थ नाही हे खरं, पण डोंबिवली, डोंबवली, डोंबोली असं ज्याच्या तोंडी जे बसलं तेच कागदावर उतरलं तर शोधणाऱ्यानं काय टाइप करायचं?

हे गमतीनं सांगतोय, पण विषय गमतीचा नाही. थोडं लांबेल, सवड काढून वाचा.

सध्या ‘टेक्स्ट मायनिंग’ हा शब्द फार ऐकू येतो. आमच्याकडे पत्रकारितेचा डिप्लोमा करणारी पोरंही प्रोजेक्टसाठी तो विषय मागतात. साध्या भाषेत सांगायचं तर असं: जुनी वर्तमानपत्रं स्कॅन करायची. स्कॅन म्हणजे नुसता फोटो, त्यात शोधता काही येत नाही. मग ओसीआर नावाचं सॉफ्टवेअर त्या फोटोतली अक्षरं ओळखून त्याचा मजकूर करतं. आणि मग त्या लाखो पानांच्या मजकुरात कोणता शब्द कधी वाढला, कधी आटला, कोणत्या शब्दाच्या शेजारी कोणता शब्द बसतो, कोणती बातमी कुठून उचलली गेली, हे मशीन मोजतं. माणसाला जे वाचायला तीन जन्म लागतील ते एका दुपारी.

आणि यातून खरंच कामाचं निघतं. अमेरिकेत बोस्टनच्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठात रायन कॉर्डेल आणि डेव्हिड स्मिथ यांनी एकोणिसाव्या शतकातल्या वर्तमानपत्रांत एकमेकांचा मजकूर कसा फिरत होता ते शोधलं. म्हणजे आपल्या भाषेत कोण कुणाची बातमी ढापत होतं ते. अक्षरं अर्धवट वाचली गेली असली तरी शब्दांचे तुकडे जुळवून मशीन ओळखतं की हा मजकूर तोच आहे. रिचमंड शहरातल्या ‘डेली डिस्पॅच’ या पत्राचे १८६० ते १८६५ चे अंक रॉबर्ट नेल्सन यांनी असेच चाळले आणि पळून गेलेल्या गुलामांच्या जाहिराती यादवी युद्धाच्या काळात कशा वरखाली होत गेल्या ते दाखवलं. त्या एकेका जाहिरातीमागे एकेक माणूस पळालेला होता. मोजणीला अर्थ येतो तो असा.

मग आपल्याकडे का नाही? इथून खरी गोष्ट सुरू होते.

ठाण्याला स्वतःचं वर्तमानपत्र १८६६ साली मिळालं. काशिनाथ विष्णु फडके यांचं ‘अरुणोदय’. बोरीबंदरहून पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ ला ठाण्यात आली, त्यानंतर फक्त तेरा वर्षांनी. ‘केसरी’ निघायला अजून पंधरा वर्षं होती. पुढे इथूनच ‘हिंदुपंच’ निघालं, जे इतकं झोंबणारं लिहायचं की गोपाळ कृष्ण गोखल्यांनी त्याच्यावर अब्रुनुकसानीचा दावा लावला. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४ चं. ठाण्यात १८९३ साली विनायक लक्ष्मण भाव्यांनी मराठी ग्रंथ संग्रहालय उभं केलं, ‘महाराष्ट्र सारस्वत’वाले भावे. म्हणजे लिहिणारे होते, छापणारे होते, वाचणारे होते, जपणारेही होते. आपण मुंबईच्या पोटात राहणारी झोपायची गावं आहोत हा समज बराच अलीकडचा.

पण आज या गावांचा इतिहास मशीनला वाचायला द्यायचा म्हटलं तर हाताशी सगळ्यात सोपं काय आहे? ‘टाइम्स ऑफ इंडिया’. १८३८ साली ‘बॉम्बे टाइम्स’ म्हणून सुरू झालेलं हे पत्र पहिल्यापासून डिजिटल झालंय. पैसे भरणाऱ्या विद्यापीठात बसून शब्द टाकला की पान समोर. त्यात आपण कधी दिसतो? अपघात झाला की, साथ आली की, साहेब शिकारीला आला की. तेही टॅना, टॅनाह, थाना, कॅलियन अशा नावांनी.

याचा परिणाम काय होतो ते कॅनडात एकानं मोजून दाखवलंय. वॉटर्लू विद्यापीठाचे इतिहासकार इयन मिलिगन यांनी तिथल्या पीएचडीच्या प्रबंधांमधल्या तळटिपा तपासल्या. १९९८ मध्ये ६७ प्रबंधांत ‘टोरांटो स्टार’चा उल्लेख ७४ वेळा होता. मधल्या काळात ते पत्र ऑनलाइन शोधता येऊ लागलं. २०१० मध्ये प्रबंध ६९, उल्लेख ७५३! इतर गावांची जी पत्रं ऑनलाइन नव्हती त्यांच्या वाट्याला हे भाग्य नाही. कुणी कट केला नव्हता. जे बोटाशी आलं ते वापरलं गेलं, एवढंच. आता हाच हिशेब ‘टाइम्स’ आणि ‘अरुणोदय’ला लावून बघा.

‘अरुणोदय’ मात्र मशीनला एका वेगळ्याच दारानं भेटतं, आणि ही मला या सगळ्यातली सर्वात विलक्षण गोष्ट वाटते. १८६८ पासून मुंबई सरकार ‘नेटिव्ह’ वर्तमानपत्रांवर दर आठवड्याला एक गोपनीय अहवाल काढायचं. सरकारी अनुवादकाच्या कचेरीत मराठी, गुजराती, उर्दू, कानडी पत्रं यायची, तिथले कारकून ती वाचायचे आणि सरकारला ठाऊक असावा असा मजकूर इंग्रजीत उतरवायचे. पुढच्या काळातल्या अहवालांत सुरुवातीला पत्रांची यादी असते: पत्राचं नाव, गाव, खप, संपादकाचं नाव, त्याची जात आणि वय. (खप आणि जात एकाच तक्त्यात! पत्रकाराकडे बघायची सरकारी नजर काही बदलत नाही.) हे अहवाल इंग्रजीत, स्वच्छ छापलेले. त्यामुळे त्यातले बरेच आज स्कॅन होऊन शोधण्याजोगे झालेत. ज्यांनी संपादकांना तुरुंगात घालण्यासाठी कात्रणं जमवली, त्यांच्याच कपाटातून ते संपादक आज बोलतायत. १९०८ साली टिळक आत गेले, ‘काळ’कर्ते शि. म. परांजपे आत गेले, तेव्हा ही वाचणारी यंत्रणा जोरात चालू होती.

आता यात मायनिंग केलं तर काय निघेल? एक उदाहरण घेऊ. १८८० च्या दशकात ठाणे जिल्हा जंगल कायद्यानं पेटलेला होता. तेव्हाचा ठाणे जिल्हा म्हणजे पार डहाणू-जव्हारच्या सीमेपर्यंत. भाताचं रोप करायच्या आधी शेतकरी वाफ्यावर डहाळ्या, पाला, शेण, गवत पसरून जाळतो, तो राब. जंगल खात्यानं झाडं छाटायला बंदी घातली, म्हणजे राब गेला, म्हणजे रोप गेलं. वारली, काथोडी, आगरी, कुणबी, सगळेच अडचणीत. ओरड इतकी झाली की सरकारला ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी १८८५ मध्ये जंगल कमिशन नेमावं लागलं. ते १८८७ पर्यंत चाललं.

सरकारी अहवालांत ‘राब’ हा शब्द शोधला की या भांडणाचा माग लागू शकतो. कोणतं पत्र आधी बोललं, कोणतं नंतर. पण सावध राहायचं. मशीन म्हणेल की त्या काळातली पत्रं जंगल, जमीनपट्टी आणि मामलेदार याशिवाय काही लिहीतच नव्हती. तसं नाही. कारकुनाला तेवढंच निवडायला सांगितलं होतं! नाटकाची जाहिरात, कुणाच्या मुलीची शाळा, पुस्तकाची पोच, खाडीतल्या होडीचं भाडं, गावातलं भांडण, हे सगळं चाळणीतून खाली गेलं. मशीन मोजतं ते कारकुनाच्या टेबलावरचं. मोजणी कितीही अचूक असली तरी ती चाळणीचीच मोजणी.

आणि याच चाळणीवर काही लोकांचा सगळा भार आहे. ‘दीनबंधु’ घ्या. कृष्णराव भालेकरांनी १ जानेवारी १८७७ ला पुण्यात सुरू केलेलं सत्यशोधकांचं पत्र. १८८० पासून ते मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे चालवत होते. लोखंडे ठाण्यात जन्मलेले. गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून देणारे, १८९७ च्या प्लेगमध्ये गेलेले. ‘केसरी’च्या फायली जपल्या गेल्या, कारण मागे संस्था होती, वाडा होता. ‘दीनबंधु’चे मूळ अंक अत्यंत दुर्मीळ. त्यातलं बरंचसं लिखाण आज कळतं ते त्याच सरकारी इंग्रजी उताऱ्यांतून. म्हणजे गिरणी कामगाराबद्दल ठाण्याच्या माणसानं मराठीत लिहिलेलं आपण सरकारी कारकुनाच्या इंग्रजीतून परत मराठीत आणून वाचायचं. आता सांगा, ‘एकोणिसाव्या शतकातला मराठी माणूस काय विचार करत होता’ असा आलेख कुणी फक्त उपलब्ध फायलींवरून काढला, तर तो आलेख कुणाचा? ज्याच्याकडे कपाट होतं त्याचा.

मराठीची म्हणून काही वेगळी दुखणी आहेत. इंग्रजीतही सगळं आलबेल नाही. ब्रिटिश लायब्ररीच्या एकोणिसाव्या शतकातल्या वर्तमानपत्रांची तपासणी २००९ मध्ये प्रसिद्ध झाली, त्यात शंभरातले ७८ शब्द बरोबर वाचलेले निघाले. शोधण्याजोगे महत्त्वाचे शब्द घेतले तर ६८ च. ही तऱ्हा २६ अक्षरांच्या लिपीची. आपल्याकडे काना-मात्रा-वेलांटी, जोडाक्षरं, वर रेघ. शिळाप्रेसवर छापलेलं असेल तर हाताचं वळण. खिळे झिजलेले, शाई पसरलेली. ‘घर’चं ‘धर’ होतं, ‘भरण’चं ‘मरण’ होतं. म्युनिसिपालिटीच्या पट्टीचा भरणा वाढला असं बातमीत असेल आणि मशीन गावात मरणं वाढली म्हणून आलेखात उंच खांब उभा करेल.

ते निभावलं तर अनुस्वार. १९६२ साली साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम आले आणि न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. त्याआधीचं ‘ठाणें’, ‘नाहीं’, ‘गांव’, ‘कां’ हे सगळं मशीनच्या लेखी वेगळे शब्द. त्यात आपली सामान्यरूपं: ठाण्यात, ठाण्याला, ठाण्याहून, ठाणेकर. माणसाला एकच गाव दिसतं, मशीनला पंधरा. गावांची नावं बदललेली तो आणखी एक घोळ. उल्हासनगर शोधाल तर १९४९ च्या आधी काही मिळणार नाही, तिथे ‘कल्याण कॅम्प’ म्हणून शोधावं लागेल. फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांची सगळी पहिली दैना त्या नावाखाली आहे. आणि ‘राब’? हा शब्द आजच्या मराठी वर्तमानपत्रांत टाकून बघा. ‘मोहीम राबविण्यात आली’ ‘उपक्रम राबविण्यात आला’ अशा प्रेस नोटांचा पूर येईल, वारल्याचा वाफा त्यात वाहून जाईल.

माझ्या पिढीची गोष्ट मात्र याहून वाईट आहे. १८६६ चा अंक कागदावर तरी आहे, मिळाला तर वाचता येतो. आम्ही १९९० च्या दशकाच्या शेवटापासून जे छापलं त्याचं काय? तेव्हा सगळं काम पेजमेकरवर. श्रीलिपी, आकृती, एपीएस, कृतिदेव असे फॉन्ट. युनिकोड आपल्यापर्यंत पोचलं नव्हतं. या प्रत्येक फॉन्टनं इंग्रजी अक्षरांच्या जागी आपापल्या मर्जीनं मराठी आकार बसवले होते. ‘क’ कुठल्या बटणावर हे कंपनीगणिक वेगळं. अंक झाला की फाइल सीडीवर टाकायची आणि सीडीवर मार्करनं महिना लिहायचा. मी ज्या साप्ताहिकात उमेदवारी केली तिथे अशा सीड्यांची एक अख्खी बरणी होती. साप्ताहिक बंद पडलं, बरणी राहिली. त्यातल्या ज्या सीड्या अजून चालतात त्या उघडल्या की पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा, कंसांचा आणि चिन्हांचा चिवडा दिसतो. फॉन्ट बदलणारी सॉफ्टवेअरं आहेत, त्यांनी बरंचसं सुटतं, पण आधी कोणता फॉन्ट होता हे सांगणारा ऑपरेटर सापडला पाहिजे. आमचा ऑपरेटर आता रिक्षा चालवतो. त्यानं ओळखला. पहिल्या ओळीवरून.

यात एवढं काय अडलंय असं वाटेल. स्थानिक साप्ताहिकात असतं काय? नगरसेवकाचे वाढदिवस! खरंय. पण २६ जुलै २००५ ला कोणत्या चाळीत किती पाणी होतं ते मोठ्या पेपरात नाही, तिथे आहे. ज्या सत्तावीस गावांना महापालिकेत घेतलं, २००२ मध्ये बाहेर काढलं, २०१५ मध्ये परत घेतलं, त्या गावांच्या ग्रामसभांत लोक काय बोलले ते तिथे आहे. मुंब्र्यात ४ एप्रिल २०१३ ला लकी कंपाउंडमधली इमारत कोसळून ७४ माणसं गेली. इमारती कशा चढतात, कोण नोटीस देतं, कोण स्थगिती आणतं याच्या दोन इंची बातम्या अशा साप्ताहिकांत वर्षानुवर्षं येत असतात, एकेकट्या वाचल्या तर कुणाच्या लक्षात न येणाऱ्या.

आणि इथेच मायनिंगला धार येऊ शकते. अमेरिकेत उचललेल्या बातम्या शोधायची जी पद्धत काढली, ती मला आपल्याकडच्या आश्वासनांवर लावायची आहे. कुठल्याही महापालिकेची मे महिन्यातली नालेसफाईची प्रेस नोट घ्या आणि मागच्या वीस वर्षांच्या मे महिन्यांशी जुळवा. किती शब्द तेच? आकडा बदलला की नुसती तारीख? डोंबिवली एमआयडीसीत २६ मे २०१६ ला प्रोबेस कंपनीत स्फोट झाला, २३ मे २०२४ ला अमुदानमध्ये. या दोन तारखांच्या मधल्या आठ वर्षांत ‘स्थलांतर’, ‘धोकादायक कारखाने’, ‘सर्वेक्षण’ हे शब्द कोणत्या महिन्यात उगवतात, किती आठवडे टिकतात, कधी मावळतात? याचा आलेख कुणी काढून माझ्या हातात दिला तर मला दुसरी बातमी नको.

मशीनला दिसत नाही असंही बरंच आहे. टोमणा दिसत नाही. ‘आमच्या कार्यसम्राटांनी’ हे कौतुक आहे की थट्टा, हे गावातल्यालाच कळतं. गप्प बसणं तर मुळीच दिसत नाही. आणीबाणी लागल्यावर जून १९७५ मध्ये ‘इंडियन एक्स्प्रेस’नं अग्रलेखाची जागा कोरी सोडली होती. मशीनच्या हिशेबात त्या जागेचे शब्द शून्य. त्यामुळे कुणी मला म्हणालं की आता वाचायची गरज नाही, मशीन सांगेल, तर मी त्याला चहा पाजून परत पाठवतो. य. दि. फडके वर्तमानपत्रांच्या फायलींत बसून विसाव्या शतकातला महाराष्ट्र लिहीत गेले. शंकर गणेश दात्यांनी मराठी ग्रंथसूची केली ती एकेक पुस्तक बघून, १९४३ साली पहिला खंड. त्यांना मशीन मिळालं असतं तर त्यांनी आनंदानं वापरलं असतं, आणि तरीही पान उलटून बघितलं असतं असं मला वाटतं.

आता कामाचं. स्वाक्षरी नसलेल्या मजकुराचा कॉपीराइट आपल्या कायद्यात प्रसिद्धीपासून ६० वर्षं. म्हणजे तेवढ्या जुन्या अंकांतल्या अशा बातम्या, अग्रलेख स्कॅन करून खुले करायला आडकाठी नाही. वर्तमानपत्राची एक प्रत सरकारी ग्रंथालयात पाठवायचा नियम १९५६ पासून आहे, पण आपल्या भागातले किती साप्ताहिकवाले ती पाठवतात हे आपण एकमेकांना विचारू नये. तेव्हा जे आहे ते घरांत आहे. छापखानेवाल्यांच्या पोटमाळ्यावर, जुन्या वार्ताहरांच्या ट्रंकेत, कात्रणं चिकटवणाऱ्या आजोबांच्या वह्यांत. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयानं ‘ट्रोव्ह’वर जुनी वर्तमानपत्रं टाकली आणि मशीननं चुकीचं वाचलेलं दुरुस्त करायचं काम साध्या वाचकांवर सोपवलं. लोक घरी बसून ओळी सुधारतात. निवृत्त शिक्षक आणि मुद्रितशोधक यांची डोंबिवलीत वानवा आहे असं कुणी म्हणू नये.

तुमच्याकडे ठाणे, कल्याण, डोंबिवली, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर, भिवंडी, शहापूर, मुरबाडमधल्या कुठल्याही पत्राचे जुने अंक असतील, बंद पडलेल्याचे तर आधी, तर रद्दीवाल्याला द्यायच्या आत कळवा. सेलोटेप लावू नका, लॅमिनेट करू नका, घड्या उलट्या मोडू नका. मोबाइलनं फोटो काढणार असाल तर खिडकीजवळ, फ्लॅश बंद करून, पूर्ण पान, आणि पत्राचं नाव व तारीख असलेला वरचा पट्टा सोडू नका, कारण तारीख नसलेलं पान मशीनच्या काय, माणसाच्याही उपयोगाचं नाही. सीड्या असतील तर त्यासुद्धा द्या. फॉन्ट ओळखायला आमचा माणूस आहे, फक्त दुपारी दोन ते चार, तेव्हा स्टँडवर गर्दी नसते.